भरलेली उभी, रिकामी उपडी

रविवारी माणसं उशिरापर्यंत झोपतात असं मी ऐकून होते. आमच्या घरी रविवारी पहाटे साडेपाचला अण्णा माझ्या खोलीच्या दाराबाहेर उभे राहून खाकरत. अण्णा म्हणजे माझे वडील. बेंगळुरूच्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत वडलांना असंच म्हणतात. चाळिशीच्या मुलीला हाक मारून उठवणं त्यांना बरं वाटत नसे, पण खाकरायला त्यांची हरकत नव्हती. तिसऱ्या खाकरण्याला मी उठायचे. सोमवार ते शनिवार एका कंपनीच्या कचेरीत टाईपरायटर बडवायचा, येताना मार्केटातून भाजी आणायची, एक दिवसाआड संध्याकाळी येणारं नळाचं पाणी धरायचं, आणि सातवा दिवस उजाडला की पिशवी खांद्याला लावून बंबुलीला फिरायला न्यायचं.

बंबुली हे नाव आईनं ठेवलेलं. अण्णा सरकारी कारखान्यात पत्र्याच्या कामावर होते. तिथे मशिनं बसवायला एक परदेशी इंजिनियर आला होता. कारखान्याच्या सहलीत त्याच्या पिशवीतून एक ॲल्युमिनियमची किटली निघाली. मधोमध धुराडं, धुराड्याभोवती पाणी, आणि खाली बशीएवढी चूल. त्यानं धुराड्यात चार काटक्या टाकल्या आणि पाच-सात मिनिटांत पाणी उकळलं. सगळे तोंडात बोट घालून बघत राहिले म्हणे. अण्णा तेवढे हसले. घरी येऊन आईला म्हणाले, "ह्यात नवल कसलं? आपल्या न्हाणीतला बंब म्हणजे हेच की. फक्त तो उचलून नेता येत नाही."

ते खरंच होतं. आमचा बंब कमरेएवढा, तांब्याचा, पोटातून धुराडं गेलेला. निवृत्त झाल्यावर अण्णांनी त्याचंच पिल्लू घडवलं. तांब्याचा पत्रा आणला, आतून कल्हई केली, धुराड्याचा निमुळता पोंगा वळला, भोवती बाहेरचं अंग बसवलं, आणि सगळे सांधे परसात शेगडी मांडून कथलाचा डाख देऊन जोडले. बाजूला आखूड तोटी, तोटीला बूच, वर कडी. दीड लिटर पाणी मावायचं. आईनं ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि म्हणाली, "बंबाला मुलगी झाली." तेव्हापासून बंबुली.

आई होती तोवर बंबुली वर्षातून दोन-चार वेळा बाहेर पडे. आई गेली आणि अण्णांना रविवारचं घर खायला उठू लागलं. मग दर रविवारी. मार्केटच्या स्टँडवरून एक बस, वाटेत उतरून दुसरी, आणि कनकपुर रस्त्यावर उतरल्यावर मैलभर चाल. तिथे एक तळं होतं, काठाला एक सपाट खडक आणि मागे निलगिरीची लावणी. निलगिरीची साल आणि वाळका पाला रॉकेल ओतल्यासारखा पेटतो, म्हणून अण्णांना ती जागा आवडायची. मला ती जागा कधी नावडली असं नाही. मला फक्त तिथे पोचायचं नसायचं.

आमच्यात कामं वाटलेली होती. शनिवारी दिवेलागणीला बंब भरला की अण्णा बंबुलीही भरून ठेवत. रविवारी वाहून न्यायची मी. खडकावर चुलीचं भोक वाऱ्याच्या तोंडाला करून, वर बंबुली बसवून, तोटीचं बूच काढायचीही मीच. बूच राहिलं तर वाफ कोंडून अंगावर येते, त्यामुळे बूच निघालं म्हणजे सगळं तयार. तोवर अण्णा काटक्या आणि साली गोळा करून येत. बूच निघालेलं दिसलं की काडी ओढत. मग एक पाय मुडपून बसायचे आणि वरून धुराड्यात बोटाएवढ्या काटक्या एकेक सोडत राहायचे, तोंड बाजूला धरून. धुराड्यावर हात नेणाऱ्याला ते गाढव म्हणत. पाणी उकळून तोटीतून थुंकायला लागलं की कडीला धरून उतरवायचं आणि पातेलीत चहा करायचा. बंबुलीत पाण्याशिवाय दुसरं काही घालायचं नाही. घरात आठवडाभर कॉफी. चहा फक्त रविवारी, कारण दुधाच्या पावडरीनं कॉफीचा अपमान होतो असं त्यांचं मत होतं. चहाचा झालेला त्यांना चालत असे.

घरी परतल्यावर अण्णा आडवे होत. मी परसात बसून चिंचेच्या कोळानं बंबुली घासायची, धुराड्यातली निलगिरीची चिकट काजळी नारळाच्या हिरांनी खरवडायची, आत चिंचेचं पाणी घालून खळबळायची, म्हणजे क्षार धरत नाही. चिंच बोटांच्या चिरांत झोंबे. काजळी नखांत राही, आणि सोमवारी कचेरीत टाईप केलेल्या कागदाच्या कोपऱ्याला माझ्या अंगठ्याचा ठसा उठे. साहेबांनी एकदा विचारलं, घरी कोळशाची वखार आहे का. मी म्हटलं, हो.

घासून झाली की ती उपडी घालायची. हा आमच्या घरचा कायदा होता आणि तो आधी सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. पाणी येणार एक दिवसाआड, तेही संध्याकाळी. म्हणून बंब संध्याकाळी भरायचा. पहाटे जो आधी उठेल त्यानं झाकण न उघडता पेटवायचा. अंधारात कोण आत डोकावून बघणार? भरणाऱ्यानं भरायचं, पेटवणाऱ्यानं पेटवायचं. मात्र डाखाच्या भांड्याखाली कोरडा जाळ केला की डाख वितळून सांधे सुटतात. तेव्हा कोणतंही भांडं रिकामं केलं की लगेच उपडं घालायचं. भरलेली उभी, रिकामी उपडी. उभं असलेलं रिकामं भांडं म्हणजे खोटं बोलणारा माणूस, असं अण्णा म्हणत. आम्हा भावंडांनी लहानपणी मार खाल्ला असेल तर ह्याच एका कारणावरून.

त्या वर्षी थंडी सरता सरता बंबुलीच्या तोटीजवळचा सांधा पाझरायला लागला होता. अण्णांना दाखवला तर म्हणाले, "स्वल्प पाझरते. तांब्यालाही घाम येतो." आणि त्यावर ओला साबण चोळला. साबण एक रविवार टिकला.

दुसऱ्या रविवारी बसमध्ये पिशवी माझ्या मांडीवर होती. तो आठवडा कचेरीत हिशेबतपासनीस आल्यानं शनिवार सोडून रोज आठपर्यंत थांबले होते. शनिवारी रात्री ताप आल्यासारखं अंग दुखत होतं, पण अण्णांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते न जाता दिवसभर गप्प बसले असते, आणि ते गप्प बसणं मला जाण्यापेक्षा जड वाटे. बस निघाली आणि मांडीला गार लागलं. पिशवीतून पाणी झिरपत होतं. मी पिशवी खाली ठेवली, तर पुढच्या सीटवरच्या माणसानं पाय ओले झाले म्हणून कानडीत मला सुनावलं. पुन्हा मांडीवर घेतली. दुसरी बस पकडायला उतरलो तेव्हा माझी साडी पुढून पार भिजलेली, आणि स्टँडवर उभी असलेली माणसं बघत होती. अण्णा बसची चौकशी करायला गेले. मी रागानं बूच काढलं, तिथल्या रेनट्रीच्या बुंध्याशी बंबुली पालथी धरली, सगळं पाणी ओतून दिलं आणि बूच लावून पुन्हा पिशवीत ठेवली. प्लास्टिकच्या कॅनमध्ये प्यायचं पाणी होतंच. तिथे पोचल्यावर त्यातलं भरू, असा माझा साधा हिशेब होता.

अण्णा परत आले तेव्हा मी त्यांना सांगितलं नाही. रागात होते. दुसऱ्या बसमध्ये त्यांच्या खांद्याला डोकं टेकून झोपले.

तळ्यावर ते नेहमीसारखे काटक्या वेचायला गेले. मी चूल मांडली, वर बंबुली बसवली, पाणी भरायचं म्हणून बूच काढलं. कॅन पिशवीच्या तळाशी होता, वर पातेली, पेले, फडकं. खडक उन्हानं कोमट झाला होता. मला वाटलं, एक मिनिट पाठ टेकावी, मग कॅन काढावा. साडीचा पदर तोंडावर घेतला.

मला जाग आली ती आवाजानं. टिक, टिक असा, पत्रा तापून ताणल्याचा. पदर बाजूला केला. बंबुलीच्या धुराड्यातून हातभर ज्वाळ निघत होती आणि तोटीच्या खालून चांदीसारखे थेंब ओघळून निखाऱ्यात पडत होते. मग खालची सबंध कड सुटली. बाहेरचं अंग एका बाजूला कलंडलं आणि आतला पोंगा तेवढा ज्वाळेभोवती उभा राहिला. अण्णा मुडपलेल्या पायावर तसेच बसले होते, हातात पुढची काटकी.

"पाणी नव्हतं," ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही.

मी उठून बसले. बूच माझ्या मुठीत होतं.

"काल मी भरली नाही वाटतं," ते म्हणाले. "बंब भरला, ते आठवतं. हिला भरली असंच वाटलं होतं मला."

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. चार शब्द पुरले असते: अण्णा, मी ओतलं पाणी. ते चिडले असते, मला गाढव म्हणाले असते, घरी जाताना बसमध्ये भांडं उभं का ठेवलंस ह्यावर भाषण झालं असतं, आणि पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी नवा डाख दिला असता. पण त्या मोडक्या तांब्याकडे बघताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता पुढचा रविवार नाही. लाज वाटते लिहायला, पण मला हायसं वाटलं. मी गप्प राहिले. बूच पिशवीत टाकलं. आम्ही कॅनमधलं गार पाणी प्यायलो आणि परत निघालो.

संध्याकाळी धाकटा भाऊ आला. तो इंदिरानगरला राहायचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दर रविवारी संध्याकाळी यायचा. अण्णांनी ते तुकडे परसातल्या कट्ट्यावर मांडून ठेवले होते आणि त्याला स्वतःच सांगितलं, "मी पाणी न भरता पेटवली." लपवायची त्यांना सवयच नव्हती. भावाचा चेहरा उतरला. मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाला, "अक्का, हे आधी कधी झालंय का?"

"नाही."

"मग आजच कसं? अण्णा आणि हे विसरतील? त्यांनी मारलंय मला ह्याच्यावरून."

इथेही मला वाट होती. मी तांदूळ निवडत होते, मान वर न करता म्हटलं, "वय झालं त्यांचं."

गप्प राहणं एक वेळ दमणुकीच्या खात्यात गेलं असतं. हे तीन शब्द मी स्वतः होऊन बोलले.

भाऊ प्रेमळ आहे, आणि प्रेमळ माणसं ताबडतोब उपाय करतात. त्यानं अण्णांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "अण्णा, साकु आता, पुरे झालं. जाळ, तळं, दोन-दोन बस. अक्कालाही त्रास होतो." अण्णा म्हणाले, "सरी. बरं." एवढंच. दुसऱ्या आठवड्यात न्हाणीत गीझर बसला. बंब परसात गेला, पेरूच्या झाडाखाली. उपडा. बंबुलीचे तुकडे मी फडक्यात बांधून माळ्यावर टाकले.

पहिल्या रविवारी कोणी खाकरलं नाही. मी नऊपर्यंत झोपले. इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, ती मला गोड लागली. दुसऱ्याही रविवारी. तिसऱ्या रविवारी साडेपाचला आपोआप डोळे उघडले. बाहेर चपलांचा आवाज येत होता. दार किलकिलं करून पाहिलं तर अण्णा गॅसच्या शेगडीसमोर उभे होते. बटणाला हात लावला, दोन पावलं मागे गेले, पुन्हा येऊन हात लावला. शेगडी बंदच होती. सिलिंडरही रात्री मीच बंद केला होता.

नंतर ते वाढत गेलं. कुलूप लावलं की ते ओढून बघत, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत. पेन्शनच्या कागदावर सही केली की मला दाखवत, "हीच ना माझी सही?" संध्याकाळी नळाचं पाणी आलं आणि मी घरी नसले तर पूर्वी तेच पिंप भरत, आता माझी वाट बघत. मी कचेरीतून यायला उशीर केला तर पाणी येऊन गेलेलं असे आणि ते रिकाम्या पिंपाशेजारी खुर्ची टाकून बसलेले. "म्हटलं, उगाच मी कशाला," असं म्हणत. त्यांचं डोकं शाबूत होतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या पत्र्याची जाडी त्यांना तोंडपाठ होती, मार्केटातला कोण भाजीवाला वजनात मारतो तेही माहीत होतं. त्यांचा फक्त स्वतःवरचा विश्वास उडाला होता. आणि तो एका काडीनं उडाला होता, जी त्यांनी अगदी बरोबर ओढली होती.

हे मला समजायला आठ-दहा महिने लागले असं मी म्हणणार नाही. पहिल्याच महिन्यात समजलं होतं. पण सांगायची वेळ निघून गेलेली गोष्ट रोज थोडी जड होत जाते, आणि मी तशीही दमलेली असायचे. उद्या सांगू म्हणायचे. उद्याही कचेरी असायचीच.

दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पाणी भरायचा सण असतो. कानडी शेजारी त्याला नीरु तुंबो हब्ब म्हणतात. कुणी कुणाकडून घेतला देव जाणे. बंब घासून लखलखीत करायचा, चुन्याचे पट्टे ओढायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि काठोकाठ भरायचा. दुसऱ्या पहाटे अभ्यंगाचं पाणी त्यातलंच. गीझर असला म्हणून काय झालं, सण गीझरला कोण माळ घालून करणार? अण्णांनी दुपारीच बंब घासला होता. चुन्याचे पट्टे काढताना त्यांचा हात तसूभर हलला नाही. मी नळाची रबरी नळी ओढून आणली आणि त्यांच्या हातात द्यायला गेले, कारण ह्या दिवशी पाणी घरच्या कर्त्यानं भरायचं असतं. आजवर कधी दुसऱ्या कुणी भरलं नव्हतं.

त्यांनी हात मागे घेतले. म्हणाले, "तूच भर. माझा भरवसा नको."

मी नळी खाली टाकली. पाणी पेरूच्या बुंध्याशी वाहत राहिलं.

"अण्णा," मी म्हटलं, "बंबुली तुम्ही भरली होती. शनिवारी संध्याकाळी. मी बघितलं होतं तुम्हाला भरताना."

त्यांनी बोटांना लागलेला चुना पुसला.

"मी ओतलं पाणी. दुसऱ्या बसच्या स्टँडवर. गळत होती, माझी साडी भिजली, मी चिडले होते. तुम्ही बस विचारायला गेला होता. नंतर कॅनमधून भरणार होते, आणि झोप लागली. बूच मी काढून ठेवलं होतं. बूच निघालेलं बघून तुम्ही पेटवली. चूक तुमची नव्हतीच."

सगळं एका दमात बोलले. मला वाटलं, आता ते चिडतील. चिडावेत म्हणून मी जवळजवळ वाट बघत होते. ते हसले. हल्ली त्यांचं हसू असं असायचं की बघवत नसे.

"अगदी आईवर गेलीस," ते म्हणाले. "तीसुद्धा असंच पांघरूण घालायची माझ्यावर."

"पांघरूण नाही अण्णा, खरं सांगते. रेनट्रीखाली ओतलं. आईची शपथ."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

ह्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते आधीच्या चुकीपेक्षा वाईट होतं. रविवारी झोपायला मिळावं म्हणून, हे कुठल्या तोंडानं सांगणार? मी शब्द शोधत राहिले, आणि माझं ते शोधणं बघून त्यांची खात्रीच झाली.

"बघ," ते म्हणाले, समजुतीनं, जणू लहान मुलीची लबाडी पकडली. "तू इतके महिने गप्प बसणारी नव्हेस. मी ओळखतो ना तुला. बरं वाटलं तू असं म्हणालीस. जा, पाणी वाया चाललंय. भर."

मी बंब भरला. त्यांनी दोनदा विचारलं, भरला का नीट.

दिवाळीनंतर मी माळ्यावरचं गाठोडं काढलं आणि शनिवारी दुपारी अर्धी रजा टाकून मार्केटामागच्या एका तांबटाकडे नेलं. म्हातारा होता. त्यानं तुकडे फिरवून फिरवून पाहिले, पोंग्यावरून बोट फिरवलं, आणि कानडीत म्हणाला, "ज्यानं केली त्याचा हात सोन्याचा होता. ज्यानं पेटवली तो गाढव."

"पेटवणारा नाही, गाढव मी होते," मी म्हटलं. "पाणी मी ओतलं होतं आणि सांगितलं नाही."

"असं होय," तो म्हणाला आणि कामाला लागला. त्यानं लगेच विश्वास ठेवला. मला त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून रडू आलं. तो आपलं काम करत राहिला. गिऱ्हाइकं रडतात, भांडी जुनी असतात, त्याला सवय असावी. सांधे त्यानं डाखाचे न करता पितळेनं भाजून पक्के केले. म्हणाला, आता कोरडा जाळ लागला तरी सुटायचे नाहीत.

रविवारी पहाटे साडेपाचला मी अण्णांच्या खोलीबाहेर उभी राहून खाकरले. तीनदा खाकरावं लागलं. ते बाहेर आले, माझ्या हातातली बंबुली बघितली, सांध्यांवरून अंगठा फिरवला. "पितळ," म्हणाले. "बरं केलंस." आणि चप्पल घालायला गेले. मला वाटलं, आता सगळं पूर्वीसारखं होईल. माणूस दमलेला असला की त्याला असल्या सोप्या गोष्टी खऱ्या वाटतात.

तळ्यातलं पाणी चढलं होतं. खडकाचा निम्मा भाग आत गेला होता. मी चूल मांडली, भोक वाऱ्याच्या तोंडाला केलं, कॅन काढला, त्यांच्या डोळ्यांदेखत बंबुली काठोकाठ भरली आणि बूच काढलं. तेही काटक्या घेऊन आले, बोटाएवढ्या, सारख्या मोडलेल्या. मी काडेपेटी त्यांच्यापुढे धरली.

"पाणी आहे?" त्यांनी विचारलं.

"आत्ता भरलं ना, तुमच्यासमोर."

"नीट बघ."

मी बघितलं. हलवून आवाज ऐकवला. त्यांनी मान डोलावली आणि हात पाठीमागे बांधून दोन पावलं मागे सरकले. काडी मी ओढली. काटक्याही मीच सोडल्या, आणि एकदा धुराड्यावर हात गेला तेव्हा चटका बसला. ते गाढव म्हणाले नाहीत. "जपून गं," म्हणाले.

चहा झाला. त्यांनी तो सावकाश प्यायला, पेला विसळला. मग उरलेलं पाणी गवतावर ओतून बंबुली थंड व्हायची वाट बघितली आणि ती स्वतःच्या हातांनी खडकावर उपडी घातली. तेवढं एक काम त्यांनी न विचारता केलं, आणि मला फार बरं वाटलं. मी पिशवी आवरू लागले.

"अगं," ते म्हणाले, "उपडी घातली ना मी?"

मी वळून पाहिलं. त्यांचा हात अजून तिच्यावरच होता.

"घातली, अण्णा," मी म्हटलं.